हिमवर्षावात मोटारीचे दिवे

आमचा एक पुतण्या चार वर्षांपूर्वी कॅनडात ऑन्टारियो प्रांतात नोकरीस गेला. बेळगाव तालुक्यातील त्या खेड्यात त्याची आई अद्याप घर सांभाळून आहे. गेल्या नाताळाच्या आदल्या आठवड्यात त्याने फोनवर जी हकिगत सांगितली, ती ऐकून त्या माउलीची दोन रात्री झोप उडाली. आपल्या वाचकांपैकी अनेक कुटुंबांची मुले आज बर्फाच्या देशांत मोटारी चालवीत आहेत. म्हणून या आठवड्यात स्वयंपाकघर आणि परसबाग बाजूस ठेवून हा विषय घेतला आहे.

घडले ते असे. संध्याकाळी काम आटोपून तो 401 क्रमांकाच्या महामार्गाने घरी निघाला होता. बर्फ पडत होता. वारा समोरून होता. अर्ध्या तासाने त्याला रस्ता अंधुक दिसू लागला. दिवसभराच्या श्रमाने डोळे थकले असतील, असे त्यास वाटले. त्याने दिव्यांचा अप्पर टाकला, तर पुढे जणू पांढरी भिंतच उभी राहिली. सुदैवाने पुढच्याच फाट्यावर पेट्रोलपंप होता. तेथे उतरून पाहतो, तो मोटारीचे नाक बर्फाने पार लिंपलेले! दोन्ही दिव्यांवर चार बोटे जाडीचा थर, आणि त्याच्या आडून नुसती निळसर झाक. मागोमाग आलेल्या एका म्हाताऱ्या ट्रकचालकाने त्याला आपला ब्रश दिला आणि सांगितले, "बाबा, तुझे मागचे दिवेही मला दिसत नव्हते. तू रस्त्यावर आहेस, हे मला फार उशिरा कळले."

पुतण्याला नवल याचे वाटले, की त्याच्या आधीच्या जुन्या, खटारा मोटारीत असे कधी घडले नव्हते. त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. जुन्या मोटारीत हॅलोजनचे दिवे असत. सुमारे 55 वॉटच्या त्या दिव्यातील बहुतेक वीज उजेडात न जाता उष्णतेत जाते. एरवी हा अपव्ययच. पण थंडीत त्या उष्णतेने पुढची काच कोमट राहते आणि पडलेला बर्फ वितळून ओघळतो. नव्या एलईडी दिव्याला वीज कमी लागते आणि उजेड भरपूर पडतो. उष्णता त्यातही निघते, परंतु ती दिव्याच्या पाठीमागे. धातूच्या पंखांवाटे ती बाहेर टाकली जाते. झोतातून उष्णता जवळजवळ जातच नाही. पुढची काच थंडगार राहते, आणि थंड काचेवर बर्फाचा थर बसतो तो हलत नाही. 2009 च्या डिसेंबरात अमेरिकेच्या उत्तर भागातील काही शहरांत चौकांतले नवे एलईडी सिग्नल असेच बर्फाखाली झाकले गेले आणि त्यापायी अपघात झाल्याची वृत्ते आली होती. मात्र हॅलोजन असला म्हणजे निर्धास्त राहावे, असेही नव्हे. ओला, चिकट बर्फ जोराने पडू लागला की तोही हार खातो.

बर्फाच्या मुलखातील लोकांनी यावर उपाय शोधले नाहीत, असे नाही. स्वीडनच्या साब कंपनीने 1970 साली पुढच्या दिव्यांनाही छोटे वायपर बसविले. पुढे युरोपच्या नियमांनी 2000 ल्युमेनहून प्रखर दिव्यांना काच धुण्याची सोय सक्तीची केली. गंमत अशी, की कित्येक एलईडी दिवे या मर्यादेच्या आतच बसविले जातात, म्हणजे धुण्याची सोय करण्याचा खर्च वाचतो! उत्तर अमेरिकेत तर तशी सक्तीच नाही. काचेत तापणारी तार बसविलेले दिवे आता मिळतात, परंतु ते बहुधा ट्रक व अवजड वाहनांसाठी. तेव्हा साध्या मोटारवाल्याचा आधार म्हणजे त्याचा स्वतःचा हात.

निघण्यापूर्वी समोरची काच जशी झाडतो, तसेच पुढचे-मागचे सर्व दिवे मऊ ब्रशाने झाडावे. बॉनेटवरचा व टपावरचा बर्फही काढून टाकावा. बॉनेटवरचा बर्फ वाऱ्याने उडून आपल्याच काचेवर येतो, आणि टपावरचा ढीग ब्रेक लावताच पुढे कोसळतो. हल्लीच्या दिव्यांची काच खरे पाहता काच नसून पॉलिकार्बोनेट नावाचे प्लास्टिक असते. तिच्यावर लोखंडी पाते चालविल्यास ओरखडे पडतात आणि झोत कायमचा विस्कटतो. गरम पाणी तर मुळीच ओतू नये. अचानक बसलेल्या उष्णतेने काच तडकते. न तडकलीच, तर तेच पाणी क्षणात गोठून नवा थर होतो. काच धुण्याच्या टाकीत तिकडे उणे 40 अंशांपर्यंत न गोठणारे द्रव घालतात. त्यात बहुधा मिथेनॉल असते आणि ते जहाल विष आहे. घरात लहान मुले असल्यास डबा उंचावर ठेवावा.

मीठ आणि चिखल यांचे कवच हा आणखी एक शत्रू. रस्त्यावर बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकतात. पुढच्या ट्रकच्या चाकांखालून ते खारट पाणी उडते आणि दिव्यावर वाळून राखी पापुद्रा धरतो. पावसाळ्यात चोर्ला घाटातून आलेल्या मोटारीचे दिवे ज्याने पाहिले आहेत, त्याला अधिक सांगणे नको. अशा काचेतून उजेड पुढे कमी जातो आणि बाजूंस पसरून समोरच्याचे डोळे दिपवितो.

अप्पर टाकताच पांढरी भिंत का उभी राहिली, तेही आपल्या घाटातल्या धुक्यातच कळते. हवेतला प्रत्येक कण उजेड उलट आपल्याच डोळ्यांत फेकतो. म्हणून बर्फ पडत असता डिपरवरच चालावे. फॉग लॅम्प खाली, डोळ्यांच्या रेषेपासून दूर बसविलेले असतात, म्हणून उलट येणारा उजेड त्यांचा कमी. दिवे झाडण्यासाठी महामार्गाच्या कडेस उतरणे मात्र जिवावरचे; पंप किंवा विश्रांतीची जागा गाठूनच थांबावे. लांबच्या प्रवासात दर थांब्याला एक फेरी मारून दिवे पाहण्याची सवय त्या ट्रकचालकाला होती.

मागच्या दिव्यांविषयी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. कॅनडात 1990 पासून नव्या मोटारींना दिवसाही पुढचे दिवे लागण्याची सक्ती आहे. त्यामुळे चालकाला वाटते, आपले सर्व दिवे लागलेच आहेत. पण जुन्या मोटारींत त्या वेळी मागचे दिवे बंदच असत. हा दोष 2021 च्या सप्टेंबरपासून नव्या मोटारींतून काढला गेला. जुन्या अजून रस्त्यावर आहेतच. बर्फ पडताना, भर दुपारीसुद्धा, दिव्यांचे बटण हाताने फिरवावे. शिवाय उभ्या पाठीच्या मोटारीमागे हवेचा भोवरा होतो आणि उडालेला बर्फ मागच्या दिव्यांवर येऊन बसतो.

आमच्या वहिनी आता दर रविवारी फोनवर प्रथम एकच विचारतात, "ब्रश घेतलास का रे?" पुतण्याने तो घेतला आणि डिकीत ठेवला. जानेवारीतल्या एका सकाळी डिकीच गोठून बसली, उघडेना. तेव्हापासून ब्रश शेजारच्या सीटखाली असतो.