रात्रीच्या गायनाचा फोटो
लोणारला भीमजयंतीच्या रात्री गायन ऐकायला जाताना घरातला जुना रोलचा कॅमेरा जरूर न्या. मात्र फ्लॅश मारू नका. गायकाचे डोळे दिपतात आणि मागचा ढोलकीवाला अंधारातच राहतो. ५० मि.मी.ची एफ १.४ लेन्स असेल तर पूर्ण उघडा, २.८पेक्षा ती चौपट उजेड घेते. ४०० एएसएचा कृष्णधवल रोल १६०० धरून वापरा. धुणाऱ्याला तसे सांगा, म्हणजे तो रोल जास्त वेळ धुवील. फोकस डोळ्यांवर ठेवा. गायक सूर धरून थांबला की बटण दाबा. फोटोत दाणे दिसतील, दिसू द्या. वामनदादा कर्डक २००४ साली गेले, विठ्ठल उमप २०१० साली. आज गाणाऱ्यांचे चेहरे उद्याच्या लेकरांना दिसले पाहिजेत. फोटोमागे गायकाचे आणि ढोलकीवाल्याचेही नाव, गाव, तारीख लिहून ठेवा.