पानगळ म्हणजे ओसाडी नव्हे

‘फेब्रुवारीत बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात पाचोळ्याखेरीज काही नाही’ ही एका पत्रलेखकाची तक्रार पटली नाही. हे पानझडीचे जंगल आहे. पाणी वाचवण्यासाठीच झाडे पाने गाळतात. नेमक्या याच दिवसांत काटेसावर आणि पांगारा लालभडक फुलतात. उघड्या फांद्यांवर मैना, बुलबुल, सूर्यपक्षी मधासाठी झुंबड करतात. पावसाळ्यात ते पानांआड दिसतही नाहीत. पाचोळ्यात किडे, सरडे आसरा घेतात आणि त्याचीच कुजून माती होते. याच जंगलाच्या कुशीतले तुळशी आणि विहार तलाव मुंबईला पाणी देतात. पत्रलेखकांनी पुन्हा अवश्य जावे, पण सकाळी लवकर आणि गोंगाट न करता. जाणाऱ्या प्रत्येकाने आपला कचरा परत आणावा, माकडांना वेफर्स तर मुळीच देऊ नयेत.

— एक वाचक, कांदिवली