हाकेला ओ

आपल्या विद्यालयातून दहावी उत्तीर्ण होऊन बाहेर पडणाऱ्या मुलींना निरोपाच्या दिवशी आम्ही आजवर ग्रंथ भेट देत आलो. यापुढे ग्रंथासोबत आणखी एक लहानशी वस्तू द्यावी, असे आम्हांस वाटते. ती म्हणजे किल्ल्यांच्या जुडग्यात मावणारा सुरक्षा-अलार्म. वसतिगृहात रात्री दाराला कडी लावणारे कोणीतरी असते. बाहेर पडलेली मुलगी मात्र मुलुंडला शिकते, घाटकोपरला नोकरी करते आणि रात्री उशिराच्या लोकलने उतरून पादचारी पुलापासून घरापर्यंतची वाट एकटीने चालते.

असे साधन देणे म्हणजे मुलीच्या मनात भीती पेरणे, असा आक्षेप कोणी घेईल. आम्हांस तो पटत नाही. पुण्यात शाळेच्या वाटेवर सावित्रीबाई फुले यांच्या अंगावर शेण-चिखल फेकला जाई. म्हणून त्या सोबत दुसरी साडी बाळगीत. त्या साडीत भय नव्हते, शाळेत पोहोचण्याचा निर्धार होता. तथागतांचा अखेरचा उपदेशही अप्रमादाचा, म्हणजे सदैव जागरूक राहण्याचाच होता.

साधन मात्र पारखून घ्यावे. वेष्टनावर १२० किंवा १३० डेसिबल छापलेले असते. त्यावर विसंबू नये, मोकळ्या मैदानात वाजवून पाहावे. घाबरलेल्या हाताला बारीक बटण सापडत नाही. ओढताच वाजणारी आणि परत बसवेपर्यंत आवाज चालू ठेवणारी पिन अधिक उपयोगी. बॅटरी बदलता येते ना, हे पाहावे व महिन्यातून एकदा क्षणभर वाजवून खात्री करावी. अंधेरीच्या गर्दीत पिन कशातही अडकून ओढली जाते, तेव्हा तेथे तो खिशात असावा. निर्जन वाट लागली की हातात घ्यावा. पिशवीच्या तळाशी पडलेला अलार्म नसल्यासारखाच. वाजवताना तो कानापासून दूर धरावा आणि तेथे न थांबता उजेडाकडे, रिक्षाथांब्याकडे, उघड्या दुकानाकडे धावावे. हा साधा अलार्म पोलिसांना आपोआप कळवत नाही. त्यासाठी ११२, आणि रेल्वेत १३९, हे क्रमांक पाठ असलेच पाहिजेत.

इतके करूनही मुख्य प्रश्न उरतोच. अलार्म कोणाला अडवत नाही, तो केवळ हाक मारतो. त्या हाकेला ओ कोण देणार?

२० ऑक्टोबर २०११ च्या रात्री अंधेरीत आंबोली येथे मैत्रिणींची छेड काढणाऱ्यांना कीनन आणि रुबेन या दोन तरुणांनी हटकले. हल्लेखोर साथीदार घेऊन परत आले व त्यांनी दोघांवर वार केले. कीनन त्याच रात्री गेला, रुबेन काही दिवसांनी. मे २०१६ मध्ये चौघांना जन्मठेप झाली. भोवती माणसे असूनही मदतीला कोणी आले नाही, ही त्यांच्या मित्रांची व्यथा होती. तेथे आवाज कमी पडला नव्हता. आवाज ऐकणारे जागचे हलले नव्हते.

म्हणून आमचे मत असे की, अलार्म मुलींना द्यावा, पण त्याचा धडा मुलांनाही द्यावा. आग लागल्यास काय करावे याचा सराव आपण करवून घेतो, तसाच हाही व्हावा. मैदानात अलार्म वाजेल तेव्हा प्रत्येकाने काय करायचे ते ठरलेले असावे. शस्त्रधाऱ्याशी एकट्याने झुंजावे, असे आम्ही मुळीच सांगणार नाही. चार जणांनी एकत्र पुढे जावे, मोठ्याने ओरडावे, एकाने ११२ लावावा, एकाने त्या मुलीजवळ उभे राहावे आणि पुढे साक्ष देण्याची वेळ आली तर कचरू नये. एवढे तर पंधरा वर्षांच्या मुलालाही शिकवता येते.

करुणा ही आपण रोज वंदनेत उच्चारतो. रस्त्यावर तिची परीक्षा काही क्षणांचीच असते : आवाज आला तेव्हा आपण मान वळवून पुढे गेलो, की थांबलो? आपल्या मुलींच्या हातातील अलार्म वाजण्याची वेळ कधीही न येवो. पण कोणाचाही वाजला, तर त्या गर्दीतून प्रथम पुढे येणारे पाऊल या विद्यालयाच्या विद्यार्थ्याचे असावे, एवढीच आमची अपेक्षा आहे.