सप्टेंबर, पंक आणि इराक

ग्रीन डे या पंक बँडचा ‘अमेरिकन इडियट’ सप्टेंबर २००४ मध्ये आला, तेव्हा इराक युद्धाला दीड वर्ष झाले होते. त्यातल्या ‘बुलेव्हार्ड ऑफ ब्रोकन ड्रीम्स’ला २००५ साली एमटीव्हीचे सर्वोत्कृष्ट व्हिडिओचे पारितोषिक मिळाले. (नायिकांच्या ताफ्याशिवायही व्हिडिओ होतो!) पण खरे धाडस मला ‘वेक मी अप व्हेन सप्टेंबर एन्ड्स’मध्ये दिसते.

मूळ गाणे बिली जो आर्मस्ट्राँगने १९८२ मध्ये कॅन्सरने गेलेल्या वडिलांवर लिहिले. दिग्दर्शक सॅम्युएल बेयरने ते थेट इराकला नेले. प्रेमात बुडालेले तरुण जोडपे. मुलगा परस्पर सैन्यात नाव नोंदवतो, ती संतापते, रडते आणि मग गोळीबार. ना बुशचे नाव, ना घोषणा. वडिलांचा शोक असा वापरावा का, असा आक्षेप घेता येईल. मला तो पटत नाही. घरातले माणूस गेल्याचे दुःख दोन्हीकडे एकच आहे.

आपल्या शनिवारच्या पार्ट्यांत इराकवर तावातावाने बोललो सगळेच. भरती कार्यालयाची पायरी मात्र आपल्यापैकी किती जणांची मुले चढली? घरातल्या कॉलेजवयीन मुलांबरोबर हा व्हिडिओ पाहा, आणि तुम्ही त्या दोघांपैकी कोणाच्या बाजूचे, हे त्यांनाच विचारू द्या.