उतारवयातील गाडीघर : आधी काटा, मग सौदा

धंद्यातून हात काढून घेतल्यावर माणसाला दोन गोष्टी मिळतात. एक वेळ आणि दुसरी, आयुष्यभर बाजूला टाकलेली थोडीफार पुंजी. या दोन्हींवर बाजाराची नजर असते, हे आमच्या व्यापारी बांधवांना सांगावयास नको. आपल्याकडे अशा माणसाच्या दारी प्लॉटवाला आणि विमा एजंट येतो. अमेरिकेत त्याच्या दारी गाडीघर विकणारा येतो. आज आम्ही या गाडीघरांच्या एका प्रकाराविषयी लिहिणार आहोत. ज्यांची मुलेबाळे, भाऊबंद तिकडे स्थायिक झाले आहेत त्यांना याचा थेट उपयोग होईल. ज्यांचा अमेरिकेशी काही संबंध नाही, पण जे गाड्यांच्या बॉडीचे, सुतारकामाचे, पत्र्याचे वा ताडपत्रीचे काम करतात, त्यांनीही शेवटपर्यंत वाचावे.

वस्तू काय आहे?

अमेरिकेत पिकअप ट्रक ही जागोजागी आढळणारी गाडी आहे. तिच्या मागच्या हौद्यात बसवायची एक खोलीवजा पेटी मिळते. तिला ट्रक कँपर म्हणतात. तिला स्वतःची चाके नसतात. ती हौद्यात ठेवून चार कोपऱ्यांना ताण देऊन आवळतात आणि नको तेव्हा चार जॅकवर उचलून उतरवून ठेवतात. आत झोपायची जागा, शेगडी, पाण्याची टाकी, लहान फ्रीज इतके असते. यातला 'पॉप-अप' प्रकार म्हणजे ज्याचे छत प्रवासात खाली बसते आणि मुक्कामी वर उचलले जाते. वर उचलल्यावर मधली भिंत रेग्झिनसारख्या जाड कापडाची असते. 'फोर व्हील कँपर्स' ही कॅलिफोर्नियाची कंपनी 1972 पासून हे काम करते. कोलोरॅडोत 'हॉलमार्क' आणि आयोवा राज्यात 'नॉर्थस्टार' ही नावे जुनी आहेत. 'अलास्कन' कंपनीच्या कँपरचे छत हायड्रॉलिकवर उचलले जाते आणि त्याच्या भिंती कापडाच्या नसून टणक असतात.

म्हातारपणी लोक याच्याकडे का वळतात, हेही समजण्यासारखे आहे. छत खाली असल्याने गाडी बुटकी राहते, वाऱ्याला कमी अडते, वळणावर कमी डोलते. मोठी बस चालवण्याचे दडपण नाही. त्यातच अमेरिकन सरकार 62 वर्षांवरील नागरिकांना व कायम रहिवाशांना राष्ट्रीय उद्यानांचा आजन्म पास देते. 2017 पर्यंत तो 10 डॉलरना होता, त्यानंतर 80 डॉलर झाला. बऱ्याच सरकारी तळांवर त्यामुळे मुक्कामाचे भाडेही निम्मे पडते. तेव्हा हौस चुकीची आहे असे आमचे म्हणणे नाही. खरेदी ज्या क्रमाने होते तो क्रम चुकीचा आहे, एवढेच आमचे म्हणणे आहे.

दाराच्या चौकटीवरील चिठ्ठी

कोकणातून जाऊन कॅलिफोर्नियात स्थायिक झालेले आमचे एक परिचित आहेत. सारी नोकरी लेथ मशीनवर गेली. अडुसष्टाव्या वर्षी त्यांनी एक पॉप-अप कँपर घेतला. दुकानदाराने विचारले, "गाडी कोणती?" यांनी सांगितले, "अर्ध्या टनाची." तो म्हणाला, "मग आरामात बसेल." बसला हे खरे. पण पहिल्याच घाटात गाडीचे तोंड वर आणि मागचा भाग खाली अशी अवस्था झाली. ब्रेक उशिरा लागू लागले. खाली उतरल्यावर त्यांनी गाडी महामार्गावरच्या ट्रकच्या काट्यावर चढवली आणि मग त्यांचा चेहरा उतरला.

हिशेब असा होता. अमेरिकेतील बहुतेक पिकअपच्या चालकाच्या दाराच्या चौकटीवर एक चिठ्ठी चिकटवलेली असते. माणसे आणि माल मिळून या गाडीत किती वजन चालेल, तो आकडा तिच्यावर किलो व पौंड दोन्हींत असतो. त्यांच्या गाडीचा आकडा 670 किलो होता. कँपरचे छापील कोरडे वजन 520 किलो. दुकानदाराने हे दोनच आकडे शेजारी ठेवले. पण कोरडे वजन म्हणजे पाणी, गॅस आणि वरचे सामान सोडून. फ्रीज, हीटर, छत्री, जॅक, दुसरी बॅटरी मिळून 110 किलो वाढले. वीस गॅलनची टाकी म्हणजे 76 किलो पाणी. गॅसच्या दोन भरल्या टाक्या 34 किलो. नवरा-बायको 145 किलो. भांडी, अंथरूण, धान्य, हत्यारे 100 किलो. बेरीज 985 किलो. म्हणजे तीनशे पंधरा किलो जास्त.

आता काही जण म्हणतील, आपल्याकडे तर याच्या दुप्पट भरतात. भरतात, आणि टायर फुटून उलटलेल्या गाड्याही आपणच रस्त्याच्या कडेला पाहतो. पासष्टीनंतर माणसाचा पाय ब्रेकवर जायला आधीच क्षणभर उशीर होतो. त्यात गाडीही उशिरा थांबू लागली तर जिवावरच बेतते. मागे जादा कमानपाटे टाकून किंवा हवेचे फुगे बसवून गाडी सरळ दिसू लागते, पण चिठ्ठीवरचा आकडा त्याने वाढत नाही. ब्रेक, ॲक्सल आणि टायर तेच राहतात.

म्हणून पहिला नियम. आधी गाडीची चिठ्ठी वाचावी, मग पाणी, गॅस, माणसे, सामान सगळे धरून बेरीज करावी आणि मगच कँपरच्या दुकानाची पायरी चढावी. एकाच नावाच्या दोन गाड्यांचे आकडेही वेगळे असतात. चार दारांची केबिन, डिझेल इंजिन, चारही चाकांना जोर, या प्रत्येक चैनीमागे वाहण्याची ताकद घटते. दुसरे, वजन किती याइतकेच ते कोठे आहे हेही महत्त्वाचे. भार मागच्या ॲक्सलच्या किंचित पुढे पडला पाहिजे. पेटीचा गुरुत्वमध्य कोठवर चालेल ही माहिती ट्रकच्या कंपनीने द्यावी, असा तिकडे केंद्र सरकारचा नियम आहे. गिऱ्हाईक ती मागत नाही, म्हणून दुकानदार दाखवत नाही.

दुसरा काटा आपल्या शरीराचा

गाडीचे वजन काट्यावर कळते, पण आपल्या गुडघ्याचे काय? आमच्या मते वयस्क गिऱ्हाइकाने दुकानात निदान एक तास घालवावा आणि विक्रेत्याला बाजूला उभे करून सर्व कामे स्वतःच्या हाताने करून पाहावीत.

पहिले काम छत उचलण्याचे. अनेक कँपरमध्ये आत वाकून उभे राहून, फळी ढकलून, दोन टोकांनी छत वर सारावे लागते. गॅसचे दांडे मदत करतात, पण छतावर सौर पट्ट्या बसवल्या वा बर्फ साचला की तेच छत जड होते. पाच वेळा उचलावे आणि पाच वेळा उतरवावे. तिसऱ्या वेळी खांदा बोलू लागला, तर हाताने फिरवायचा किंवा विजेवर चालणारा प्रकार पाहावा, नाही तर नाद सोडावा.

दुसरे काम चढण्याचे. आजच्या पिकअपचा हौदा जवळजवळ कमरेइतका उंच असतो. रात्री, पावसात, झोपेच्या डोळ्यांनी त्यातून उतरायचे आहे हे लक्षात ठेवावे. पायरी रुंद आहे का, धरायला दांडा आहे का, हे पाहावे.

तिसरी गोष्ट कोणी उघड बोलत नाही, पण आम्ही बोलतो. साठीनंतर रात्री एक-दोनदा उठावे लागते. ज्याला साखरेचा वा मूत्रमार्गाचा त्रास आहे त्याला जास्तच. अंथरूण केबिनच्या वर असते. ते गाडीला आडवे असेल तर आतल्या बाजूस झोपणाऱ्याला दुसऱ्याच्या अंगावरून ओलांडून यावे लागते. लांबीच्या दिशेने असेल तर दोघे स्वतंत्रपणे उतरू शकतात. आत शौचाची पेटी ठेवायला जागा आहे का आणि छत खाली असताना तिथवर पोचता येते का, हेही बसूनच पाहावे. फोटोतून हे कळत नाही.

चौथी गोष्ट कापडाची. कापडाची भिंत थंडी लवकर आत घेते, वाऱ्यात फडफडते आणि ओली असताना मिटली तर तिला बुरशी येते. दमा किंवा सांधेदुखी असणाऱ्याने याचा विचार करावा. काही तळांवर अस्वलांच्या भीतीमुळे कापडी भिंतींना मनाईच आहे. यलोस्टोन उद्यानातील फिशिंग ब्रिज हा त्यापैकी एक. आत हीटर चालणार असेल तर विषारी धूर आणि गॅसगळती ओळखणारी दोन्ही यंत्रे चालू स्थितीत असलीच पाहिजेत.

पाचवी गोष्ट आम्हास सर्वांत महत्त्वाची वाटते. ही सर्व कामे दोघांनाही आली पाहिजेत. घरापासून हजार मैलांवर नवऱ्याच्या छातीत कळ आली तर छत उतरवून गाडी चालवत इस्पितळ गाठणे बायकोला जमेल का? जमत नसेल तर ते वाहन दोघांचे नव्हे, एकाचे आहे. अमेरिकेतील वृद्धांची सरकारी आरोग्य योजना सहसा देशाबाहेर उपयोगी पडत नाही, हेही कॅनडाकडे चाक वळवण्याआधी ध्यानात घ्यावे.

जुना माल घेताना

जुना कँपर घेणे वाईट नाही. पण आतून कोपरे अंगठ्याने दाबून पाहावेत. लाकडी सांगाड्यात पाणी मुरले असेल तर कोपरा मऊ लागतो आणि आत ओलसर वास येतो. कापडाच्या घड्यांवर उजेड धरून भोके पाहावीत. चार जॅकच्या बैठकीपाशी तडे पाहावेत. आणि विकत घेण्याआधी तसलाच कँपर आठ दिवस भाड्याने घेऊन फिरावे. त्या आठ दिवसांत हौस खरी की क्षणिक, हे कळून येते. लांब मुदतीच्या कर्जावर सत्तरीकडे झुकलेल्या माणसाने गाडीघर घेणे आम्हास मुळीच पसंत नाही. आपल्यामागे ते विकणार कोण, हा प्रश्न घेण्याआधीच विचारलेला बरा.

यातून आपण काय घ्यावे?

अमेरिकेत इंडियाना राज्यातील एल्खार्ट हे या गाडीघरांच्या उद्योगाचे मोठे केंद्र आहे. तेथील कारखान्यांत आमिश पंथाचे पुष्कळ कारागीर काम करतात. स्वतःच्या घरी मोटार न बाळगणारे हे लोक दुसऱ्यांच्या गाडीघरांचे सुतारकाम करतात. हाताच्या कसबाला कारखान्यातही मागणी राहते, हे यावरून दिसते. आपल्याकडे हे कसब कमी नाही. ट्रकची बॉडी, टेंपोची केबिन, फिरत्या दुकानाची पेटी, सीट, ताडपत्री, रंग, या सर्व कामांत आपले कारागीर पिढ्यान्‌पिढ्या आहेत. महाराष्ट्र सरकारने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. तेव्हा असले काम आपल्या वर्कशॉपच्या दारात येणारच नाही असे कोणी समजू नये.

पण येथे दोन इशारे. एक, 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे नोंदणी झालेल्या गाडीत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. गाडीघरांसाठी आपल्याकडे एआयएस-124 हे वेगळे मानक आहे. आरटीओची मंजुरी कागदावर पाहिल्याशिवाय हत्यार उचलू नये. काम झाल्यावर गाडी अडकली तर मालक पैसे कापतो आणि नाव कारागिराचे जाते.

दोन, आपण बनवलेल्या बॉडीचे वजन किती, हे आपल्यातील किती जण लिहून देतात? जाड पत्रा, जादा अँगल, "मजबूत करून देतो" असे आपण अभिमानाने सांगतो. त्या प्रत्येक अँगलने मालकाचा माल तेवढाच कमी भरला जातो किंवा गाडी तेवढीच जास्त लादली जाते. काम पूर्ण झाल्यावर गाडी काट्यावर नेऊन, बॉडीचे वजन बिलावर लिहून देणारा कारागीर आम्हास पाहायचा आहे. काट्याला लागणारे पैसे त्याला पुढच्या गिऱ्हाइकाच्या रूपाने परत मिळतील.

राहिले आमचे परिचित. त्यांनी तो कँपर तोटा सोसून विकला. दुसऱ्या दुकानदाराने त्यांच्या गाडीची चिठ्ठी आधी वाचली, नवरा-बायकोला छत उचलायला लावले आणि सरळ सांगितले, "तुमच्या गाडीला आमचा एकच साधा सांगाडा चालेल. फ्रीज नको, टाकी लहान. जमत नसेल तर घेऊ नका." त्यांनी त्याच्याकडूनच घेतला. आज त्यांच्या ओळखीचे दोघे-तिघे त्याच दुकानात जातात. पहिल्या दुकानदाराने एक सौदा केला आणि एक गिऱ्हाईक कायमचे गमावले. वयस्क गिऱ्हाइकाला "घेऊ नका" म्हणण्याची हिंमत ज्याच्यात आहे त्याचा धंदा टिकतो, असे आमचे स्पष्ट मत आहे.