आणायचं कुणी, आणि कशातून?

मे महिना सरत आला की आमच्या सातारा-सांगली पट्ट्यात हल्ली दोनच विषय असतात. पाऊस कधी येणार आणि पोरं लेहला कधी निघणार. पूर्वी गाडीवरून जायचं म्हणजे गोंदवले, ज्योतिबा, फार लांब तर गोवा. आता इथून सुमारे अडीच हजार किलोमीटरवरचं लेह मोटारसायकलनं गाठणारा एखादा तरी प्रत्येक गल्लीत सापडतो. मुलीही जातात, नुकतं लग्न झालेली जोडपीही जातात. कौतुकच आहे, त्याबद्दल नाक मुरडण्याचं कारण नाही.

परवा साताऱ्याला माहेरी गेले तर भाच्याची तयारी जोरात चालली होती. हेल्मेट, गुडघ्याची पॅडं, पंक्चरचं सामान, ऑक्सिजनचा छोटा डबा. मी आपलं सहज विचारलं, "आणि तिकडं काही झालं तर रे?"

"आत्या, इन्शुरन्स आहे की. चांगला पाच वर्षांचा आहे."

वहिनी कणीक मळत होती. म्हणाली, "वन्सं, तुम्हीच विचारा त्याला, कसला इन्शुरन्स ते. मला मेलीला धड सांगत नाही."

मग ओट्यावरच सगळे कागद पसरले. आणि मैत्रिणींनो, ते वाचून मी जरा गप्पच झाले.

पाच वर्षांचा विमा खरा, पण तो थर्ड पार्टीचा. सप्टेंबर २०१८ पासून नवी दुचाकी घेताना तो एकदम पाच वर्षांचा घ्यावाच लागतो. आपल्या गाडीच्या नुकसानीचा भाग बहुतेक वेळा त्यासोबत एकाच वर्षाचा असतो. ते वर्ष संपलं की आठवणीनं नूतनीकरण करणारे थोडे. भाच्याचाही संपलेला होता. थर्ड पार्टी म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याला जे होईल त्याची भरपाई. आपल्या मागे बसलेलं माणूस या 'दुसऱ्या'त येत नाही, असं सुप्रीम कोर्टानं २००६ च्या एका निकालात म्हटलं आहे. पूर्ण, म्हणजे पॅकेज पॉलिसी असेल तर मागचं माणूस धरलं जातं. विमा नियामकांनी २००९ मध्ये कंपन्यांना तसं स्पष्ट बजावलं होतं. समोरच्या ट्रकची चूक असेल तर त्याच्या विम्यावर दावा करता येतो. पण कुत्रं आडवं आलं, वाळूवरून चाक घसरलं, तर? मागच्या सीटवर बहुतेक वेळा कोण बसलेलं असतं हे मी तुम्हाला सांगायला नको.

दुसरा कागद पंधरा लाखांच्या अपघात विम्याचा. हा मिळतो 'मालक-चालका'ला. म्हणजे गाडीची नोंदणी ज्याच्या नावावर, ज्याच्याकडे वैध लायसन्स, आणि जो स्वतः गाडीवर होता, त्याला. भाच्याची गाडी आमच्या दादाच्या नावावर! आपल्याकडं हे घरोघरी असतं. मुलगा कमवायला लागेपर्यंत गाडी वडिलांच्याच नावावर राहते. शिवाय हा विमा पैसे देतो मृत्यूला आणि कायमच्या अपंगत्वाला. मांडीचं हाड मोडून तीन महिने खाटेवर पडलात तर त्यातून दमडी नाही.

तिसरी आरोग्य पॉलिसी. ती हॉस्पिटलचं बिल देते, आणि ते महत्त्वाचं आहेच. पण हॉस्पिटलपर्यंत पोचायचं कसं? २०२० मध्ये सगळ्या कंपन्यांना सारख्या अटींवर विकायला लावलेली 'आरोग्य संजीवनी' घ्या. तिच्यात रुग्णवाहिकेसाठी एका वेळेस दोन हजार रुपये आहेत. कराडहून साताऱ्याला येण्यापुरते ठीक. हिमाचलातून सांगलीला?

हा प्रश्न मी पुस्तकातून काढलेला नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या सांगलीतल्या शेजारच्या काकूंचा मुलगा राजस्थानात गाडीवरून पडला. तिथल्या डॉक्टरांनी ऑपरेशन नीट केलं. पण नंतर पाय सरळ ठेवून, नर्स सोबत घेऊन त्याला घरी आणायला खासगी रुग्णवाहिका करावी लागली. दोन दिवसांचा प्रवास, आणि गाडीच्या परतीचंही भाडं आपल्यालाच. विमा कंपनीचं म्हणणं होतं, घरी येणं हा उपचार नव्हे. काकूंनी पाटल्या मोडल्या. फोनवर "हलवू का, इथंच ठेवू?" हे त्यांनाच ठरवावं लागलं, कारण काका ऐकूनच खाली बसले होते.

आपल्या भागात याची जाणीव कमी असण्याचं एक कारण म्हणजे आपण सुखी आहोत. महामार्गावर कराडला मोठं हॉस्पिटल आहे. मिरजेत तर १८९४ साली डॉ. वानलेस यांनी मिशन हॉस्पिटल उभारल्यापासून दवाखान्यांची परंपराच आहे. गावाला उगीच नाही वैद्यकीय पंढरी म्हणत. १०८ ची मोफत गाडी महाराष्ट्रात २०१४ पासून धावते आहे, त्यात डॉक्टर असतो. मे २०२५ पासून केंद्र सरकारची कॅशलेस योजनाही लागू झाली. देशातल्या कोणत्याही रस्त्यावर मोटार अपघातात जखमी झालेल्याला नेमलेल्या हॉस्पिटलात सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत उपचार. मागे बसलेलीलाही, आणि पॉलिसी कुठली ते न विचारता. ही मोठी गोष्ट आहे, तिला कमी लेखू नका. मात्र आठव्या दिवशी रुग्णाला गावी आणून सोडणं हे काही तिचं काम नाही, आणि १०८ चंही नाही.

हे काम ज्या विम्यात असतं त्याला 'मेडिकल इव्हॅक्युएशन' म्हणतात. प्रवास विम्यात किंवा काही अपघात आणि आरोग्य पॉलिसींत जादा हप्ता भरून तो जोडून मिळतो. मात्र त्यातही मेख आहे. इव्हॅक्युएशन म्हणजे घरी आणणं नव्हे. योग्य उपचार होऊ शकतील अशा सर्वांत जवळच्या हॉस्पिटलात हलवणं, एवढाच त्याचा अर्थ. घरी आणण्याचं कलम वेगळं असतं, त्याला 'रिपॅट्रिएशन' असा जड शब्द वापरतात. आपलं माणूस गेलं तर पार्थिव आणण्याची तरतूदही बहुधा त्याच कलमाखाली असते. वाचताना हात थरथरतो, पण वाचावं. दुसरी अट अशी की कंपनीच्या मदत केंद्राला आधी फोन करून मंजुरी घ्यायची. घाबरून स्वतःच विमान ठरवलं आणि नंतर बिल पाठवलं तर नकार ठरलेला. आणि रुग्णविमानाचं बिल लाखांत असतं.

लेहच्या वाटेवरची आणखी एक गोम. सरचू, पांग ही ठिकाणं चौदा-पंधरा हजार फुटांवर आहेत. तिथं हाड न मोडताही माणूस मरणाच्या दारात जातो, फुफ्फुसात पाणी होऊन. यावर खरा उपाय एकच, लवकरात लवकर खाली उतरवणं. पण विम्याच्या भाषेत अपघात म्हणजे बाहेरच्या, डोळ्यांना दिसणाऱ्या कारणानं अचानक झालेली इजा. विरळ हवा कुणाला दिसते? म्हणजे नुसता अपघात विमा तिथं उपयोगाचा नाही, आजारपणही धरलेलं हवं. हे विचारलं तर एजंटसुद्धा डोकं खाजवतो, अनुभव घेऊन बघा.

जर्मनीतली एडीएसी ही संस्था १९०३ मध्ये स्थापन झाली तीच मुळी मोटारसायकलवाल्यांची संघटना म्हणून. आज तिच्या वरच्या दर्जाच्या सभासदत्वात आजारी माणसाला परदेशातून घरी आणणं येतं, गरज पडली तर विमानानं. आपल्याकडं क्लब खूप झाले. टी-शर्ट छापतात, झेंडे लावतात. निघणाऱ्या सगळ्यांचा एकत्र विमा उतरवून घेणं त्यांना अवघड नाही. एकगठ्ठा घेतला तर घासाघीस करायलाही जोर येतो.

आपल्याकडं या बाबतीत खरा आधार आहे तो माणसांचा. खानापूर, आटपाडी, तासगावकडचे गलाई व्यावसायिक सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यापायी देशभर पसरलेत. परमुलखात अडलेल्याला "मी विट्याचा" म्हणणारं कुणीतरी भेटतंच. काकूंच्या मुलाला पहिल्या रात्री डबा आला तो अशाच एका घरातून, ओळख ना पाळख. साताऱ्याकडं फौजींची घरं. आमच्या ओळखीतल्या एका सुभेदारांच्या पत्नी सांगत होत्या, चौकीवरून जखमी जवान खाली कसा आणायचा हे आधी ठरल्याशिवाय वर कुणी जातच नाही.

भाचा आता जूनच्या शेवटी निघणार आहे. गाडी त्याच्या नावावर व्हायची आहे, त्याला थोडे दिवस लागतील. वहिनीनं एजंटाला घरी बोलावून इव्हॅक्युएशन आणि रिपॅट्रिएशन हे दोन शब्द त्याच्याकडून मराठीत समजून घेतले, आजारपणही धरलंय ना ते दोनदा विचारलं. पॉलिसीचा क्रमांक, मदत केंद्राचा चोवीस तासांचा नंबर आणि चंदीगडच्या एका गलाईवाल्याचा नंबर तिनं दोन कागदांवर लिहिलाय. एक भाच्याच्या पाकिटात, दुसरा फ्रिजवर.