हिंगोलीच्या वेधशाळेत आमची मुले कुठे असतील?

आपल्या घरांत मूल संगणक शिकू लागले की नोकरीचा हिशेब सुरू होतो. तो हिशेब चुकीचा आहे असे आम्ही म्हणणार नाही. ज्या घरात पहिला पगार यायचा आहे, त्या घराला तो मांडावाच लागतो. परंतु संगणक हे पोटापाण्याचे साधन आहे, तसेच विश्व समजून घेण्याचेही साधन आहे, हे आमच्या मुलांना सहसा कोणी सांगत नाही. म्हणून येथे एका दूरच्या प्राध्यापकाची वाटचाल मांडतो.

फ्रान्स प्रिटोरियस मूळचे दक्षिण आफ्रिकेचे. त्यांची पहिली पदवी संगणक अभियांत्रिकीची, कॅनडातील. पुढे ते भौतिकशास्त्राकडे वळले व २००२ मध्ये डॉक्टरेट झाले. दोन कृष्णविवरे एकमेकांत विलीन होताना नेमके काय घडते, हा त्यांचा प्रश्न होता. आइन्स्टाइनची समीकरणे १९१५ पासून उपलब्ध होती. पण या प्रसंगी ती कागदावर सुटत नव्हती. संगणकावर पहिला प्रयत्न १९६४ साली झाला. त्यानंतर चार दशके गणनेतील बारीक चूक पायरीगणिक फुगत जाई आणि सारी गणना कोसळे. प्रिटोरियस यांनी समीकरणांची मांडणी बदलली, चूक वाढण्याऐवजी विरत जाईल अशी योजना केली आणि जेथे गरज तेथेच गणनेची जाळी बारीक विणली. २००५ साली विलीनीकरणाची संपूर्ण गणना तडीस गेली. काही महिन्यांतच अमेरिकेतील आणखी दोन गटांनी वेगळ्या रीतीने तेच साधले. २००७ मध्ये ते प्रिन्स्टन विद्यापीठात अध्यापक झाले. १४ सप्टेंबर २०१५ रोजी लायगो वेधशाळांनी गुरुत्वीय तरंग प्रथमच टिपला, तेव्हा त्याचा आकार अशाच गणनांनी वर्तविलेल्या आकाराशी जुळला.

ही कथा आमच्यापासून दूर नाही. लायगोची भारतातील वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभी राहणार आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३ मध्ये तिला मंजुरी दिली. तेथे आमची मुले कोणत्या कामावर असतील? फाटकावरचा पहारा हे हलके काम नव्हे. पण आतल्या गणनेवरही त्यांचा तितकाच हक्क आहे.

तो हक्क केवळ गुणवत्तेने मिळत नाही. बारावीपासून डॉक्टरेटपर्यंत सुमारे दहा वर्षे जातात, आणि तेवढे थांबण्याची ऐपत आमच्या बहुतेक घरांत नसते. हुशार मूल येथेच मागे फिरते. त्याला शिष्यवृत्ती मिळाली, तरी घरी पैसे कोण पाठवणार, हा प्रश्न उरतोच.

म्हणून आम्हा माजी विद्यार्थ्यांपुढे आमचे साधे म्हणणे आहे. सत्कार, शाली आणि सन्मानचिन्हे यांवरचा खर्च थोडा आवरावा. मूलभूत विज्ञानाची ओढ असलेले एक मूल निवडावे आणि दहा वर्षे त्याच्या घरची चूल आपण सांभाळावी. कोसळलेली गणना पुन्हा मांडण्याची चिकाटी आमच्या मुलांत आहे. त्यांना वेळ मिळवून देणे आमच्या हाती आहे.